नाली साफ करा, पण नालीतला जीव ठेवा

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले हे भाषण. बऱ्याच गटांनी ते वाचायला मागितले, म्हणून बोलले तसेच इथे देत आहोत. – संपादक मंडळ)



आजच्या विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी माझं नाव आहे. 'पाणी व पर्यावरण – दहा मिनिटे.' दर महिन्याला हा विषय शेवटीच असतो. बँक लिंकेज, थकीत परतफेड, समुदाय गुंतवणूक निधी हे सगळं होईपर्यंत जेवणाची वेळ होते आणि माझा विषय पुढच्या महिन्यावर जातो. आज मात्र मी अध्यक्षताईंकडून वेळ मागून घेतला आहे, कारण पुढच्या महिन्यात उशीर झालेला असेल. मे महिन्यात आपल्या सात गावांत नाल्या आणि बोड्या उपसायची कामं निघणार आहेत.

सुरुवात मी माझ्या चुकीपासून करते.

मागच्या वर्षी एका गावातल्या ग्रामसंघाने मागणी केली होती की तलावापासून धानाच्या बांध्यांकडे जाणारी नाली गाळाने भरली आहे, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नाही. मागणी खरी होती. मी धावपळ केली. ग्रामपंचायतीत चार चकरा मारल्या. शेवटी जेसीबी आला आणि तीन दिवसांत नाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी चकचकीत झाली. तळही सपाट, दोन्ही काठही सपाट. मी 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो काढले, अहवालात लावले. वरून शाबासकीही मिळाली.

चौथ्या दिवशी गावातली एक ढिवर मावशी मला हाताला धरून नालीवर घेऊन गेली. काठावर गाळाचा ढीग पडला होता. त्या ढिगात शेकडो शिंपले तोंड उघडून मरून पडले होते. वास सुटला होता. फुटलेल्या घोंगल्यांवर कावळे बसले होते. मावशी चिडलेली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "पोरी, नाली तुमी साफ केली. पण आमची भाजी पाळीवर वाळू घातली ना."

मला काही बोलता आलं नाही. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. कॉलेजात दोन वर्षं आम्ही 'लोकसहभाग' शिकलो. पण नाली उपसायच्या आधी 'या नालीवर कोण कोण जगतं?' हा एक साधा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता. बैठकीत बोलणाऱ्या बाया सगळ्या शेतीवाल्या होत्या. ती मावशी बैठकीत मागे बसली होती.

नालीत राहतं तरी काय?

त्यानंतर मी विचारत गेले, वाचत गेले. तुमच्यातल्या रोवणी करणाऱ्या सगळ्यांचे पाय या जिवांवरून गेलेले आहेत, तरी एकदा नीट ओळख करून घेऊ.

पहिली मोठी, गोल घोंगली. लिंबापासून मोठ्या पेरूएवढी. तिच्या तोंडाला घट्ट झाकण असतं. ही मोठी हुशार आहे. तिला माशासारखा कल्लाही आहे आणि हवेत श्वास घ्यायला फुप्फुसासारखी पिशवीही आहे. म्हणून ती पाण्यातही राहते आणि काठावरही येते. काठाच्या ओल्या मातीत पांढरी अंडी झुपक्याने घालते. उन्हाळा लागला, पाणी आटायला लागलं की ती चिखलात शिरते, झाकण लावते आणि पाऊस येईपर्यंत झोपते. पहिल्या पावसात जिकडेतिकडे घोंगल्या दिसतात, त्या आभाळातून पडत नाहीत. आपल्याच नालीच्या मातीतून वर येतात.

दुसरी तिच्याहून लहान, टोकदार, हिरवट-तपकिरी. हिलाही झाकण असतं. ही अंडी घालत नाही, सरळ पिल्लांना जन्म देते. पिल्लू बाहेर येतं तेच पाठीवर छोटंसं शंख घेऊन.

तिसरे शिंपले. दोन झडपांचे, काळपट, चिखलात अर्धे रुतलेले. शिंपला पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक कचरा खातो आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतो. आपण चहा गाळतो तसं हे रात्रंदिवस चालू असतं, तेही बिनविजेचं. याची एक गोष्ट ऐकून मला फार नवल वाटलं. शिंपल्याची पिल्लं अगदी बारीक असताना माशाच्या कल्ल्याला किंवा पंखाला चिकटतात. काही दिवस माशाच्या अंगावर राहून मग खाली गळून तळाशी बसतात. म्हणजे मासा नसेल तर शिंपल्याचा वंश वाढत नाही. नालीचा तलावाशी संबंध तुटला, मासे येणं बंद झालं की शिंपलेही संपतात. फक्त ते लगेच दिसत नाही. मोठे शिंपले बरीच वर्षं जगतात. त्यामुळे नालीत हात घातला तर शिंपले लागतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण त्यात एकही लहान शिंपला नसेल तर समजा, ती नाली म्हणजे फक्त म्हातारी माणसं उरलेलं गाव आहे.

चौथ्या पातळ शंखाच्या, बिनझाकणाच्या लहान गोगलगायी. त्यांच्याविषयी थोड्या वेळाने बोलते, कारण त्यांच्यावरून आपल्यात भांडण झालं आहे.

यांचा आपल्याला उपयोग काय?

हा प्रश्न बरोबर आहे. उपयोग विचारायला लाजायचं काही कारण नाही.

रोवणीच्या आधी ज्या घरात हातात पैसा नसतो, त्या घरात घोंगल्या आणि शिंपले हीच भाजी असते. पैसे न देता मिळणारं मांसाहारी जेवण आहे ते. अर्थात पूर्ण शिजवूनच खायचं, आणि फवारणीचं पाणी उतरतं त्या नालीतलं खायचं नाही. पिल्लं खाऊन मासे वाढतात. शिंपले पाणी गाळतात. मेलेली पानं, कुजलेलं गवत घोंगल्या खातात आणि त्याचं खत होतं.

आणि पक्षी. उघड्या चोचीचा करकोचा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. चोच मिटली तरी मध्ये फट राहते. त्याला 'घोंगल्या फोडा' म्हणतात, नावातच त्याचं जेवण आहे. आपला सारससुद्धा धानाच्या बांधीत किडे, कंद यांच्याबरोबर घोंगल्या खातो. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ फक्त आपल्या गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरले आहेत. सारस वाचवा म्हणून फलक लागतात, चांगलंच आहे. पण सारसाच्या ताटातलं आपण जेसीबीने उचलून फेकतो, त्याचा फलक कुठे लागत नाही.

आपल्या राज्यात खरोखर दुर्मिळ अशाही पाण्यातल्या गोगलगायी आहेत. सह्याद्रीत धबधब्याच्या ओल्या कातळाला चिकटून राहणाऱ्या काही लहान गोगलगायी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांचे बहुतेक नातेवाईक समुद्रकाठी राहतात, या मात्र डोंगरात गोड्या पाण्यावर जगतात. आपल्या नालीतल्या घोंगल्या तितक्या दुर्मिळ नाहीत. पण तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांच्या वेळी एका चकरेत टोपलीभर मिळायच्या की नाही. आज किती मिळतात? दुर्मिळ व्हायची सुरुवात अशीच होते.

"पण ताई, हिच्यामुळेच माझी शेळी मेली"

फेब्रुवारीत एका गटाने मोरचूद आणायचं ठरवलं होतं. दोन शेळ्या वाळत वाळत मेल्या होत्या, जबड्याखाली पाणी साचलं होतं. पशुसखी ताईंनी सांगितलं की हे यकृतातल्या पर्णकृमीचं लक्षण आहे आणि तो कृमी पाण्यातल्या गोगलगायीतून येतो. मग बायांनी ठरवलं, नालीत मोरचूद टाकू, सगळ्या गोगलगायी मारून टाकू. मी विरोध केला तेव्हा एक ताई म्हणाली, "तुमची शेळी नाही मेली, म्हणून बोलता."

तिचा राग खरा होता. एक शेळी म्हणजे आपल्याकडे कर्जाचे किती हप्ते असतात ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी गोगलगाय निर्दोष आहे असं म्हणणार नाही. पण दोष कोणाचा आणि किती, ते बघू.

आजारी जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेला जीव बिनझाकणाच्या, पातळ शंखाच्या गोगलगायीत शिरतो. तिच्यात वाढून पुन्हा पाण्यात येतो, काठाच्या गवताला चिकटतो. ते गवत शेळीने खाल्लं की कृमी तिच्या यकृतात. म्हणजे या साखळीत चार कड्या आहेत: शेण, गोगलगाय, गवत, शेळी. आपण फक्त एकच कडी धरून मोरचूद घेऊन निघालो होतो.

मोठी झाकणवाली घोंगली आणि शिंपला यांचा या यकृताच्या कृमीशी संबंध नाही. मोरचूद मात्र झाकण बघून मारत नाही. घोंगल्या मरतात, शिंपले मरतात, मासे मरतात. मेंढ्यांना तर तांबं फारच लवकर बाधतं. आणि बिनझाकणाच्या लहान गोगलगायी भराभर वाढतात, पुढच्या पावसात त्या परत येतात. परत येत नाहीत ते शिंपले.

मग करायचं काय? बाकीच्या तीन कड्या तोडायच्या. शेण नालीत जाऊ द्यायचं नाही, उकिरडा नालीपासून दूर ठेवायचा. पाऊस ओसरल्यावर नालीच्या अगदी काठचं ओलं गवत शेळ्यांना चारायचं नाही. कापलं तर उन्हात खडखडीत वाळवून मगच द्यायचं. पाणी नालीवर पाजण्यापेक्षा घरी टाक्यात पाजायचं. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पर्णकृमीचं औषध पाजायचं. साधं जंताचं औषध दिलं म्हणजे पर्णकृमी जातोच असं नाही, म्हणून डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. त्या गटाने मोरचूद आणलं नाही. त्याच पैशात त्यांनी शेळ्यांना औषध पाजलं. ज्या ताईने मला बोललं होतं, तिनेच यादी केली.

अजून एक गैरसमज आहे. 2022 साली लातूर, बीड, उस्मानाबाद या भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं खाऊन टाकली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून गोगलगाय दिसली की मारा, असं झालं आहे. पण त्या जमिनीवरच्या गोगलगायी. आपल्या नालीतली घोंगली सोयाबीन खायला शेतात जात नाही. आणि जमिनीवरच्या गोगलगायीसाठी मिळणारं मेटाल्डिहाइडचं आमिष नालीच्या काठी टाकू नका. ते कुत्र्याने किंवा जनावराने खाल्लं तर त्याच्या जिवावर बेततं.

साफ करायचं, पण सगळं एकदम नाही

आता मुख्य मुद्दा. नाली उपसू नका असं मी म्हणते आहे का? नाही. नाली उपसलीच नाही तर ती गाळाने, बेशरमाने भरून कोरडी पडते. मग धानही जातं आणि घोंगल्याही जातात. प्रश्न कसं उपसायचं एवढाच आहे.

इंग्लंडमध्ये एक पाण्यातली गोगलगाय आहे. भोवऱ्यासारखी चपटी, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. आपल्या कुंकवाच्या टिकलीएवढी समजा. ती तिथल्या गुरं चारायच्या सखल कुरणांमधल्या चरांत राहते. पेव्हन्सी लेव्हल्स, नॉरफोक ब्रॉड्स अशा थोड्याच भागांत ती उरली आहे आणि तिला कायद्याचं संरक्षण आहे. तिथेही हाच पेच होता. चर साफ केला नाही तर वेताने बुजतो, आणि पूर्ण खरवडला तर गोगलगाय संपते. त्यावर तिथे वापरतात ती युक्ती साधी आहे: सगळे चर एका वर्षी साफ करायचे नाहीत. या वर्षी काही, पुढच्या वर्षी दुसरे. साफ न केलेल्या भागातून जीव परत साफ केलेल्या भागात येतात.

हे वाचलं तेव्हा मला आपली नाली आठवली. मार्च महिन्यात मी त्या मावशीबरोबर मागच्या वर्षीच्या नालीवर पुन्हा गेले. जिथे जेसीबीने तळ खरवडला होता, तिथे डबक्यांत हात घालून बघितलं. दोन-चार घोंगल्या, शिंपला एकही नाही. मग वरच्या बाजूला गेलो. तिथे मोहाचं मोठं झाड आडवं होतं म्हणून वीसेक पावलं जेसीबी गेलाच नव्हता. त्या तुकड्यात शिंपले होते. नखाएवढे लहानसुद्धा होते. मावशीने एक हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला.

म्हणजे माझ्या कामामुळे काही वाचलं नाही. झाडामुळे वाचलं. पण या वर्षी आपण ठरवून वाचवू शकतो.

या मे महिन्यात काय करायचं

1. नाली मोजून तिचे तुकडे पाडा. या वर्षी एक तुकडा सोडून एक उपसा, उरलेले पुढच्या वर्षी. पाणी अडतच असेल तर सोडलेल्या तुकड्यात मधोमध फक्त पाण्याची वाट मोकळी करा, काठ आणि कडेचा गाळ राहू द्या.

2. नालीत किंवा बोडीत जिथे उन्हाळ्यातही ओल टिकते असा एक खोलगट खड्डा असतो. त्याला हात लावू नका. तेच त्यांचं उन्हाळ्याचं घर.

3. उपसा सकाळी करा. गाळ काठावर पसरला की लगेच शिंपले आणि झाकणवाल्या घोंगल्या वेचा, ओल्या पोत्यात ठेवा आणि त्याच नालीच्या न उपसलेल्या तुकड्यात सोडा. शिंपले उन्हात फेकू नका, पाण्यात हलक्या हाताने ठेवा, ते आपले आपण रुततात. ट्रॅक्टरमध्ये भरून गाळ शेतात नेण्याआधी एवढं करा.

4. एका नालीतलं दुसऱ्या नालीत, किंवा बाहेरगावाहून आणून काही सोडू नका. दक्षिण अमेरिकेतली घोंगली खाण्यासाठी म्हणून तैवान आणि फिलिपाइन्समध्ये नेली, आणि तिने तिथल्या धानाची रोपं फस्त केली. आपली तीच बरी.

5. फवारणीचा पंप नालीत धुवू नका, रिकाम्या बाटल्या नालीत टाकू नका. हे घरी सांगायचं काम आपलंच आहे.

6. वेचताना काही राखा. लहान शिंपले परत सोडा. एकाच खड्ड्यातून सगळं काढू नका.

7. आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. 2002 च्या कायद्याने ती असायलाच हवी आणि तिच्यात बायाही हव्यात. तुमच्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत ते विचारून या. समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात आपल्या घोंगल्या आणि शिंपले, त्यांची गावातली नावं, कुठल्या नालीत मिळतात, पूर्वी किती मिळायचे हे सगळं लिहून घ्या. ही माहिती माझ्यासारख्या पोरीकडे नाही. ती मागे बसणाऱ्या मावश्यांकडे आहे.

अडचण लपवायची नाही

तिसऱ्या मुद्द्यावर तुम्ही कुजबुजलात, ते मी ऐकलं. रोजगार हमीत मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर मिळते. शिंपले वेचायला थांबलं तर माती कमी निघते आणि मजुरी कमी पडते. हे अगदी खरं आहे. मजूर बाईच्या पोटाला चिमटा काढून शिंपले वाचवायचे असतील तर मी ते तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक गटातून दोघी जणी अशा निवडा ज्यांना वयामुळे किंवा तब्येतीमुळे खोदाई जमत नाही. वेचायचं काम त्यांचं. त्यांना काय द्यायचं ते ग्रामसंघाने आधीच ठरवावं, फुकट राबवू नये. दुसरं, काम सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेत 'तुकड्या-तुकड्याने उपसा' हे आपल्या मागणीतच लिहून द्या. जेसीबी आल्यावर काठावर उभं राहून ओरडण्यात अर्थ नसतो. मागच्या वर्षी मी तेच करत होते, तेही जेसीबी गेल्यावर.

शेवटी एवढंच. आपल्या सातही गावांनी पुढच्या आठवड्यात ग्रामसंघाची बैठक घ्यावी. त्या बैठकीत ढिवर वस्तीतल्या आणि नालीवर वेचायला जाणाऱ्या बायांना पुढे बसवावं आणि पहिला प्रश्न त्यांना विचारावा: या नालीत काय काय आहे, आणि कुठला तुकडा सोडायचा? त्या दाखवतील तिथे चुन्याची खूण करायची. तेवढा तुकडा या वर्षी राहील.

मी प्रत्येक बैठकीला येईन. या वेळी ऐकायला येईन.



(या भाषणानंतर प्रभागसंघाने 'नाली व बोडीचा उपसा टप्प्याटप्प्याने करावा' असा ठराव सर्वानुमते मंजूर केला. ज्या ग्रामसंघांनी राखलेल्या तुकड्यांवर खुणा केल्या आहेत, त्यांनी पावसाळ्यानंतर तिथे काय दिसले ते पुढील अंकासाठी लिहून पाठवावे.)